जोतीरामभाऊ आणि दिवाळीचं तेल

जोतीराम इंगवले कोल्हापूरजवळच्या उचगावचे. आमच्या कॉलनीतल्या नऊ मुलांना चार वर्षं त्यांनी आपल्या मॅटाडोरमधून शाळेत नेलं आणि परत आणलं. आज ते शिरोलीच्या एका कारखान्यात कामगारांची बस चालवतात. मधे जे घडलं त्यात माझा वाटा आहे, आणि तीन वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. माझी मुलगी साक्षी आत झोपली आहे. उद्या तिची चाचणी आहे, म्हणून घर शांत आहे, तोवर हे लिहून टाकते.

भाऊंचं जन्मसाल त्यांनाही नक्की ठाऊक नाही. दाखल्यावर अठ्ठावन्न आहे, पण त्यांची आई म्हणायची की दोन पावसाळे आधीचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि ते हायवेलगतच्या एका गॅरेजात डिझेल इंजिनं खोलायला लागले. तिथंच त्यांना इंजिन ऐकायची सवय लागली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. एखादा डॉक्टर छाती तपासतो तसं. "डिझेलचं इंजिन बोलतंय वैनी," असं एकदा मला म्हणाले होते, "पेट्रोलचं नुसतं कुरकुर करतंय."

ब्याण्णव साली त्यांनी जुनी मॅटाडोर घेतली आणि हुपरी-कोल्हापूर वडाप सुरू केलं. वडाप म्हणजे एस.टी.ची वाट न बघता माणसं भरून नेणारी गाडी. हुपरीचे चांदीचे कारागीर पैंजणांचे डबे मांडीवर घेऊन बसायचे. मागच्या दारात दोघं-तिघं लटकायचे. आठ-नऊ वर्षं हे केल्यावर एक दिवस दारात लटकलेल्या एका बाईचा पदर चाकात जाता जाता राहिला. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला, शेवंताबाईंना सांगितलं, "माणसं कोंबायची बास झाली." त्यानंतर त्यांनी मॅटाडोर पिवळी रंगवली आणि शाळेच्या मुलांचं काम धरलं.

साक्षी पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसली तेव्हा पाच वर्षांची होती. मी मुळात काळजी करणारी बाई. पहिले तीन दिवस मी स्कूटरवरून गाडीच्या मागं मागं शाळेपर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले आणि माझ्याजवळ आले.

"वैनी, तुम्ही माग्नं येतासा म्हणून मला सारखं आरशात तुमच्याकडंच बघाय लागतंय. मग म्होरं कुणी बघायचं?"

गाडीतली मुलं खिदळली. साक्षीसुद्धा. मी स्कूटर वळवली आणि घरी आले.

मुलांना ते मोजून चढवायचे आणि मोजून उतरवायचे. एखादं झोपलेलं असलं तर उचलून दारात आणून द्यायचे. आमच्या घरापुढं कधी हॉर्न वाजवला नाही. गाडी थांबवायचे, खाली उतरायचे आणि फाटकाची कडी वाजवायचे. माझी एकच तक्रार होती, ती धुराची. जुनं इंजिन, चढावर काळा लोट सोडायचं. साक्षीला लहानपणापासून खोकला. डॉक्टरांनी धूळ-धूर टाळा म्हणून सांगितलेलं. मी ते भाऊंच्या कानावर घातलं. दुसरा कुणी म्हणाला असता की मग दुसरी गाडी बघा. त्यांनी फक्त मान हलवली.

दोन-तीन महिन्यांनी, दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात, ते शर्टाच्या खिशातून पेपरचं कात्रण काढत दारात आले. तळून उरलेल्या तेलापासून डिझेल इंजिनाचं इंधन कसं बनवतात, याची ती माहिती होती.

"वैनी, तुम्ही केमिस्ट्री शिकलेल्या न्हवं?"

"बी.एस्सी. झाले. त्याला पंधरा वर्षं झाली, भाऊ. आता फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजते."

"मोजाय येतंय न्हवं, मग झालं. ह्यात धूर कमी हुतोय असं लिवलंय. हे मिथेनॉल म्हंजे दारूतलंच का?"

"नाही हो! ते पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो. मरतोसुद्धा."

"मग शेवंताच्या हाताला लागाय नगं," ते गंभीरपणे म्हणाले, "माझ्यावर लई राग हाय तिचा."

मी हसले, पण कात्रण ठेवून घेतलं आणि माळ्यावरची कॉलेजची पुस्तकं खाली काढली. खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. लग्नानंतर मला भाज्यांचे दर, दुधाचा हिशोब, साक्षीचं औषध असलंच विचारलं जायचं. तेल आणि मिथेनॉल यांच्यात काय होतं, हे मला कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

कृती तशी सोपी होती, पण तिच्यात एक मेख होती. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात आम्ल वाढतं. ते किती वाढलंय हे कळल्याशिवाय कॉस्टिक सोडा किती घालायचा ते ठरत नाही. कमी पडला तर तेलाचं तेलच राहतं आणि जास्त झाला तर साबण होतो. कॉलेजात आम्ही त्यासाठी रंग बदलणारं औषध वापरायचो. इथं ते कुठून आणायचं? मग मला आठवलं की हळदीच्या डागावर साबण पडला की तो लाल होतो. थोडी हळद स्पिरिटमध्ये भिजवली, तेलाचा नमुना त्यात घातला आणि सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजनं सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडलं. पिवळं लाल झालं की थेंब मोजायचे. भाऊंनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हे भंडाऱ्याचं काम हाय म्हणा की!" तेव्हापासून प्रत्येक नव्या तेलाची तपासणी ते या हळदीनंच करायचे, आणि पहिले काही महिने माझ्या ओट्यावरच.

हायवेवरच्या दोन भज्यांच्या गाड्या आणि एका मंगल कार्यालयाचा आचारी यांच्याकडून ते जळकं तेल आणायचे. आपल्या जुन्या गॅरेजच्या मागं पत्र्याच्या पिंपात गाळायचे, तापवून पाणी उडवायचे, मग मिथेनॉल आणि सोडा घालून ढवळायचे. सकाळपर्यंत तळाशी काळपट चिकट थर बसायचा आणि वर पिवळं इंधन. त्या इंधनात साबणाचा अंश राहतो, म्हणून ते पाण्यानं धुवावं लागतं. भाऊ झाडांना पाणी घालायच्या झारीनं हळूहळू पाणी सोडायचे, थांबायचे, खालचं पांढरट पाणी काढून टाकायचे आणि परत सोडायचे. चार-पाच वेळा. ते याला धुणं म्हणायचे. शेवंताबाई म्हणायच्या, "घरातली कापडं मी धुती, आन् हे डिझेल धुत्यात. दोघांची पाठ मोडायची एकदमच."

मुलांच्या गाडीत त्यांनी ते लगेच घातलं नाही. गॅरेजातल्या एका जुन्या पंपाच्या इंजिनावर तीन महिने चालवलं, मग ते खोलून आतून पाहिलं. त्यानंतर मॅटाडोरमध्ये निम्मं डिझेल आणि निम्मं हे. पहिल्या महिन्यात फिल्टर सारखा चोंदायचा. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ हे नवं इंधन सोडवत होतं, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. सीटखाली तीन जादा फिल्टर ठेवले, टाकी साफ होईपर्यंत ते बदलत राहिले. मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढं त्यांना बेफिकीर म्हटलं गेलं.

धूर खरोखरच कमी झाला. चढावर गाडी आता फिकट धूर सोडायची आणि त्याला भज्यांचा वास यायचा. मुलांना त्याची मोठीच गंमत. "मामा, आज कांदाभजी का बटाटावडा?" कॉलनीतल्या गणपतरावांचा नातू पृथ्वीराज रोज गाडीत चढायच्या आधी धुराचा वास घेऊन अंदाज सांगायचा. त्या वर्षी साक्षीचा खोकला कमी झाला. धुरामुळेच कमी झाला असं मी शपथेवर सांगणार नाही, मुलं मोठी होतात तशी सुधारतातही. पण मला तेव्हा तसंच वाटत होतं.

एक नियम त्यांनी पहिल्यापासून घालून दिला होता. "शेंगतेल चालंल, सरकी चालंल, सूर्यफूल चालंल. डालडा नगं. थंडीत थिजतोय." हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. मला पुस्तकातून ठाऊक होतं.

दोन हजार पाचची दिवाळी आली. फराळ झाल्यावर प्रत्येक घरात कढईभर तेल उरतं. बायका ते मोरीत ओततात आणि मग मोरी तुंबते. मी कॉलनीत सांगितलं की यंदा कुणी तेल टाकू नका, आमच्या फाटकाशी कॅन ठेवते, जोतीरामभाऊ नेतील. गाडीत मुलं पाठवणाऱ्या बाकीच्या आठही घरांतून तेल आलं. मी प्रत्येकीला विचारून, वास घेऊन मगच कॅनमध्ये ओतून घेत होते. एका घरून डालडा आला तर मी तो परत पाठवला. ती साक्षीच्या गाडीतल्या श्रुतीची आई, जरा रागावलीही, "तुम्ही म्हणजे अगदी रेशन दुकानदार झाला आहात!"

त्या वर्षी आमच्या नणंदेचा दिवाळसण होता. नवे जावई आणि त्यांची मंडळी मिळून चाळीस माणसं. चिरोटे आणि अनारसे मी डालड्यात तळले, कारण तेलातले चिरोटे मऊ पडतात आणि सासूबाईंना ते चालत नाहीत. पाहुणे गेल्यावर मोठ्या पातेल्यात पाच-सहा किलो डालडा उरला. मोरीत ओतायचा तर मोरी गेल्या वर्षीच फोडून घ्यावी लागली होती. अंगणात टाकायचा तर मुंग्या. दुपारी भाऊ कॅन न्यायला येणार होते. डालडा अजून कोमट होता आणि पातळ होता, बाकीच्या तेलासारखाच पिवळा. मी दमले होते. एवढ्या तेलात एवढंसं काय करणार, असं मनात आलं आणि मी तो ओतला.

दुसऱ्या बायकांचा डालडा परत पाठवणाऱ्या माझ्याच हातानं ओतला. त्यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं.

भाऊ कॅन घेऊन गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून त्यांनी विचारलं, "वैनी, सगळं बघून घेतलासा न्हवं?"

"घेतलं, भाऊ."

त्या तेलाचं इंधन होऊन ते डिसेंबरात गाडीत पडलं. त्या वर्षी थंडी बरीच होती. एकोणीस डिसेंबर, सोमवार, सकाळची शाळा. रविवारी गाडी दिवसभर आणि रात्रभर उघड्यावर उभी होती. सुरू झाली नेहमीसारखी. मुलं चढली. हायवे ओलांडताना, अगदी मध्यावर, इंजिनानं दोन धापा टाकल्या आणि ते बंद पडलं. हायवेवरून येणाऱ्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला, तरी त्याचा कोपरा मॅटाडोरच्या मागच्या बाजूला लागला. साक्षीची हनुवटी पुढच्या सीटच्या दांडीवर आपटली.

भाऊंनी आधी गाडी ढकलली नाही. आधी दोन-दोन मुलं काखेत घेऊन सगळी नऊ कडेला नेली, मोजली आणि मग ट्रकवाल्याबरोबर गाडी बाजूला केली. साक्षीच्या हनुवटीवर रुमाल दाबून रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले. मी पोहोचले तेव्हा तिच्या गणवेशावरचं रक्त पाहून मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या शर्टालाही तेच रक्त लागलं होतं.

संध्याकाळी ते प्लास्टिकच्या पिशवीत फिल्टर घेऊन घरी आले. आत पांढरं, लोण्यासारखं काहीतरी भरलं होतं.

"वैनी, हे बघा. धुण्यात साबण ऱ्हायला असंल का वो? मी पाचदा धुतलं हुतं."

मी त्यातलं थोडं चिमटीत घेतलं. बोटांच्या उबेनं ते लगेच वितळलं आणि हात तेलकट झाला. साबण असा वितळत नाही. तो डालडा होता, माझ्या चिरोट्यांचा.

"असेल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "बरोबर. माझंच चुकलं मग."

साक्षीचे बाबा शेजारीच बसले होते, आणि मी काय केलंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बुधवारी गणपतरावांच्या पडवीत मीटिंग झाली. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, कॉलनीत त्यांचा शब्द चालायचा. सगळे पालक जमले होते. जोतीरामभाऊ चपला बाहेर काढून उभेच राहिले. शेवंताबाई पायरीपाशी होत्या.

"इंगवले," गणपतरावांनी सुरुवात केली, "गाडी डिझेलवर चालती का भज्याच्या तेलावर, ते सांग आधी."

"दोन्ही. निम्मं निम्मं."

"म्हंजे आमची पोरं कढईत घालून न्हेतोस व्हय?"

लोक हसले. भाऊ हसले नाहीत.

"वरीसभर चालली की गाडी. एकदाबी बंद पडली न्हवती. धूर किती कमी झालाय ते बगितलासा न्हवं?"

"धूर गेला, आता पोरं जायची वाट बघतोस काय?"

"तसं नगा बोलू, गणपतराव." भाऊंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पोरं माझ्याबी जिवाची हायत. धुण्यात माझं कायतरी चुकलं, ते मी शोधतोय. पण आख्खं कामच खोटं हाय असं म्हणू नगासा." मग ते माझ्याकडं वळले. "वैनींना इचारा की. त्यांस्नी सगळं म्हाईत हाय."

पडवीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. साक्षी माझ्या मांडीवर होती, हनुवटीला पट्टी लावलेली.

"सांगा," गणपतराव म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. ह्यात धोका हाय का न्हाय?"

मला सांगता आलं असतं की हळदीची तपासणी मी शिकवली, तेल मी गोळा केलं आणि डालडा मी ओतला. पण मला वाटलं की हे बोलले तर माझ्याच मुलीच्या हनुवटीवरचे टाके मी घातले, असं इथले सगळे म्हणतील. घरीही म्हणतील. आणि खरं म्हणजे तसंच होतं.

"हो," मी म्हणाले. "धोका आहे."

भाऊंनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. शाळेतल्या मुलाला गणित चुकलं म्हणून सांगितल्यावर तो जसा पाटीकडं बघतो, तसं होतं ते. मग त्यांनी वाकून चपला घातल्या.

पुढच्या सोमवारपासून मुलं एका व्हॅननं जायला लागली. सहा महिन्यांनी मला कळलं की ती व्हॅन घरगुती गॅसच्या सिलिंडरवर चालते, आणि मागच्या सीटखाली ठेवलेल्या त्या सिलिंडरवर चार मुलं रोज बसतात. मी साक्षीला शाळेच्या बसला घातलं. कॉलनीतल्या इतरांनी मात्र व्हॅन चालू ठेवली. त्याबद्दल मीटिंग काही झाली नाही.

भाऊंनी महिना-दोन महिने पुन्हा पुन्हा इंधन धुवून पाहिलं. हे मला शेवंताबाईंनी नंतर सांगितलं. सात-सात वेळा धुवायचे, बरणीत भरून पहाटेच्या थंडीत अंगणात ठेवायचे आणि सकाळी उठून बघायचे. उन्हाळा आला तरी त्यांना चूक सापडेना. सापडणार कशी? ती त्यांच्या पिंपात नव्हतीच. शाळेची दुसरी मुलं मिळाली नाहीत, भज्याच्या तेलावर पोरं मारणारा म्हणून उचगावात सगळ्यांना माहीत झालं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी मॅटाडोर भंगारात दिली, पिंपं दिली आणि बसवर नोकरी धरली.

मी त्यांना रस्त्यात पाहायचे. निळी बस, खाकी शर्ट. मी मान खाली घालायचे. आज सांगू, उद्या सांगू असं करता करता साक्षी सातवीत गेली. तिच्या हनुवटीवर आता पांढरी बारीक रेघ आहे. वेणी घालताना मला ती रोज दिसते.

गेल्या महिन्यात मंडईत शेवंताबाई भेटल्या. मेथी निवडत त्या सहज बोलायला लागल्या. कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजची चार मुलं त्यांच्या घरी आली होती. त्यांना प्रकल्पासाठी हेच काम करायचं होतं. उचगावात एका माणसानं स्वतः शिकून केलं होतं, असं कुणाकडून तरी कळल्यानं शोधत आली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! ह्यांनी हात जोडलं. म्हणालं, बाबांनो, आपल्याला न्हाय जमलं ते, दुसऱ्या कुणाला तरी इचारा. पोरं चा घेऊन गेली. हे दिसभर जेवलं न्हाईत."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. आतापर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती की त्यांचं एक काम गेलं, दुसरं मिळालं, नोकरी काही वाईट नाही. पण आपल्याला जमलं नाही असं ते दुसऱ्यांना सांगत होते. ते त्यांच्या तोंडी मी घातलं होतं.

मी आधी गणपतरावांकडं गेले. धीर गोळा करायला म्हणा, किंवा ज्यांच्या पडवीत खोटं बोलले त्यांना आधी सांगावं म्हणून. सगळं सांगितलं. ते पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "आवं, त्याला किती वर्सं झाली! डालडा काय नि शेंगतेल काय."

"पण त्यांची काही चूक नव्हती. आणि मला ते माहीत होतं."

"पोरीची आई हुतासा. कुणीबी तसंच बोललं असतं. सोडा आता. चा घेणार?"

मी आणखी पाच घरांत गेले. दोन घरांतली माणसं कॉलनी सोडून गेली आहेत. श्रुतीच्या आईला मी परत पाठवलेला डालडा तेवढा आठवत होता आणि त्यावर ती मनापासून हसली. कुणी रागावलं नाही. कुणी भाऊंचं नावही विचारलं नाही. त्या दिवशी पडवीत मी दोन शब्द बोलले आणि ते सगळ्यांना पुरले होते. आता तासभर बोलले तरी ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

मग रविवारी मी उचगावला गेले. भाऊ दारात बसून बूट पुसत होते. रविवारीही जादा पाळी होती. शेवंताबाई तांदूळ पाखडत होत्या. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. दिवाळसण, चिरोटे, पातेलं, कॅन. मीटिंगबद्दल सांगायची गरज नव्हती.

भाऊंनी ऐकून घेतलं. हातातला बूट खाली ठेवला.

"किती हुता?"

"पाच-सहा किलो."

"कॅन पस्तीस लिटरचा हुता. म्हंजे..." ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "थिजणारच की. डिसेंबरात थिजणारच." मग एकदम त्यांचं तोंड उजळलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "शेवंता, ऐकलंस? धुणं बरोबर हुतं. साबण न्हवताच त्यात. माझं धुणं बरोबर हुतं!"

शेवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. "बरोबर हुतं तर मग गाडी का भंगारात गेली? मी त्या दिवशी पायरीपाशी उभी हुते. ह्या 'हो' म्हणाल्या ते माझ्या कानानं ऐकलंय मी."

भाऊंच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू मावळत गेला. मीच ते बघत उभी होते.

"भाऊ," मी म्हणाले, "परत सुरू करू या. पिंपं मी आणून देते. दर रविवारी येते मी तपासणीला. त्या कॉलेजच्या मुलांना मी शोधून काढते, त्यांना सांगते..."

"वैनी," त्यांनी मला मधेच थांबवलं. आवाज साधाच होता, बसमधल्या माणसाला पुढचा थांबा सांगावा तसा. "इंधन करीन वो मी. उद्या करीन. पण गाडीत आता कुणाची पोरं बसवू?"

पाळीची वेळ झाली होती. त्यांनी बूट चढवले, शर्टाची बटणं लावली आणि सायकल काढली. जाताना त्यांनी मला नेहमीसारखी मान लववली, मुलांना सोडून परत जाताना लववायचे तशीच.

शेवंताबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. मला त्या बसा म्हणाल्या नाहीत, जावा असंही म्हणाल्या नाहीत. तांदळातले खडे त्या एकेक करून अंगणात टाकत राहिल्या, आणि मी तशीच उभी राहिले.